स्वल्पविरामाची किंमत

इंग्रजी लिहिताना श्वास घ्यावासा वाटेल तिथे स्वल्पविराम द्यावा, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. शब्दाचे स्पेलिंग चुकले की आपण ओशाळतो. विरामचिन्ह चुकले तर ते लक्षातही येत नाही. ह्या बेफिकिरीची किंमत किती असू शकते, हे अमेरिकेतील एका खटल्याने दाखवून दिले आहे.

जादा कामाचा वाढीव मोबदला ज्यांसाठी द्यावा लागत नाही, अशा कामांची यादी मेन राज्याच्या कायद्यात होती. नाशवंत मालावर प्रक्रिया करणे, तो गोठवणे, साठवणे इत्यादी. आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचे म्हणणे असे, की सवलत केवळ बांधणीला आहे. आम्ही माल बांधत नाही, पोचवतो. मालकांच्या मते वितरण हे यादीतले स्वतंत्र काम होते. २०१७ साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला. २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने त्या यादीत अर्धविराम घातले होते.

हे शब्द मराठीत आणून पाहावेत. 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' की 'पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण'? इथे आपला प्रत्ययच निवाडा करतो. इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय बहुतांशी झडून गेले आणि त्यांचे ओझे शब्दक्रमावर व विरामचिन्हांवर आले. म्हणूनच मराठी वळणाने विचार करणाऱ्याला ही चिन्हे वरवरची सजावट वाटतात. वस्तुतः तो व्याकरणाचाच भाग आहे.

यादीतील शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम द्यावा की नाही, ह्याविषयी इंग्रजांचे आपसांतही एकमत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु मतभेद प्रघाताविषयी आहे, अर्थाविषयी नव्हे. कुठलाही प्रघात पाळा. मात्र वाक्याचे दोन अर्थ होत असतील, तर चिन्ह देऊन किंवा वाक्य मोडून त्यांतला एक नाहीसा करणे, ही लिहिणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

मराठीत ही चिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी ह्यांना दिले जाते. चिन्हे आपण घेतली. त्यांच्यामागची शिस्तही घ्यायला हवी, निदान ज्या भाषेत आपण करार आणि अर्ज लिहितो त्या भाषेपुरती तरी.