वीज बाहेर जात नाही, म्हणून?

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत इन्व्हर्टर आला तो भारनियमनाच्या काळात. तो साधा गडी होता. वीज असली की बॅटरी भरायची, वीज गेली की बाहेरच्या तारेशी संबंध तोडून घरातील दिवे-पंखे चालवायचे, एवढेच त्याचे काम. आता छतावरील सौरपत्र्यांबरोबर जो 'हायब्रिड' इन्व्हर्टर येत आहे त्याची रीत निराळी आहे. तो सार्वजनिक वाहिनीशी जोडलेला राहून तिच्या बरोबरीने घराला वीज पुरवतो. मीटरजवळ बसविलेला संवेदक विजेची दिशा पाहतो आणि ती बाहेर जाऊ लागताच इन्व्हर्टर आपला पुरवठा आवरतो. यालाच 'शून्य निर्यात' म्हणतात. विकायचे काही नाही, मग महावितरणला कळवायचे कशाला, हा युक्तिवाद अर्जाच्या हेलपाट्यांना कंटाळलेल्या ग्राहकाला साहजिकच पटतो.

वस्तुतः तो फसवा आहे. निर्यात रोखणे हा हिशेबाचा भाग झाला; पुरवठा खंडित होताच वाहिनीपासून अलग होणे हा जीवरक्षणाचा. चांगला इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत अलग होण्याच्या कसोटीला उतरतो. निकृष्ट किंवा चुकीचा जोडलेला उतरेलच असे नाही. शिवाय रोहित्र दोन्ही दिशांनी चालते. घरातून उलट गेलेले २३० व्होल्ट पलीकडच्या तारेवर ११,००० च्या घरात पोहोचू शकतात. वस्तीचा भार पडून असा इन्व्हर्टर बहुधा बंदच पडेल, असे जाणकार सांगतील. पण त्या 'बहुधा'च्या भरवशावर भर पावसात खांबावर चढायचे असते ते वायरमनने, आणि पुष्कळदा तो कंत्राटी असतो.

कामापूर्वी वाहिनी अर्थिंग करून घ्यावी, हा नियम आहेच. तथापि हातमोजे आणि अर्थिंगचा दांडा न पुरवता कामगाराकडून नियमाचे पाठांतर करून घेणाऱ्या व्यवस्थेला त्या नियमामागे लपता येणार नाही.

मीटरच्या अलीकडे बसविलेल्या सौरयंत्रणेची पूर्वसूचना द्यावी, असे राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी ठरविले. नुसत्या दंडाच्या धाकाने अशा सूचना येत नसतात. नोंद एकपानी व निःशुल्क हवी, आणि कोणत्या रोहित्रावर असे किती इन्व्हर्टर आहेत याची यादी त्या भागातील वायरमनच्या हाती हवी. कामगार संघटनांनी ही मागणी लावून धरावी. ज्या कार्यकर्त्यांच्या घरी ही यंत्रे आली आहेत, त्यांनी तोवर आपली सूचना लेखी देऊन तिची पोच घ्यावी.