बांधाचा तंटा आणि जामीन



मृगाच्या तोंडावर सोयाबीनची उगवणशक्ती तपासून दाखवायला एका गावी गेलो होतो. ज्यांच्या ओट्यावर दरसाल आमची बैठक होते, ते मालकच घरी नव्हते. बांधावरून चुलतभावाशी जुंपली, हातात कोयता होता, तो भावाच्या दंडाला लागला. टाके चार पडले आणि मालक कोठडीत गेले.

घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, वरच्या आळीच्या पोरानं ढकलून म्हाताऱ्याचा हात मोडला, त्यो त्याच दिवशी घरी. आमच्या मालकांचं निस्तं दंडाला लागलं, तर आत. ह्यो कुठला न्याय?"

मी वकील नव्हे. पण प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून तालुक्याच्या कोर्टातील एका ओळखीच्या वकिलांना गाठले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. थप्पड-बुक्कीची साधी मारहाण जामीनपात्र. हाड मोडले, दात पडला की ती गंभीर दुखापत, कलम ११७. शिक्षा सात वर्षांपर्यंत, तरीही जामीनपात्र. तिथे जामीन हा हक्कच आहे, तो ठाण्यातही होतो. पण कोयता, कुऱ्हाड, विळा चालवला की कलम ११८. मग जखम साधी असली तरी गुन्हा अजामीनपात्र. घाव डोक्यावर किंवा मानेवर असला तर पोलीस खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ लावतात, आणि जामिनासाठी बहुधा जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जावे लागते.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असे नव्हे. तो द्यावा की नाही हे न्यायाधीश ठरवतात, एवढाच अर्थ. ते डॉक्टरांचा दाखला पाहतात. घाव कुठे, किती, एकच की पुन्हा पुन्हा? हत्यार घरून ठरवून आणले, की कामाचा कोयता हाती होता आणि तिथेच भडका उडाला? आधीचे गुन्हे आहेत का? आरोपी पळून जाईल का, साक्षीदाराला दमदाटी करील का?

आपली खरी अडचण या शेवटच्या प्रश्नात आहे. घरदार, जमीन आहे म्हणून शेतकरी पळणार नाही, हे जमेला. पण जखमी आणि साक्षीदार त्याच आळीत, त्याच पाणंदीने जाणारे, हे नावे. म्हणून कधी कधी गावात पाऊल ठेवायचे नाही, अशी अट पडते. जामीन मिळाला म्हणजे सुटलो असे समजून कोणी साक्षीदाराच्या दारात निरोप धाडला, तर तोच जामीन रद्द होतो. खटला पुढे चालायचाच असतो.

ज्याला मार लागला त्यानेही गप्प बसू नये. लखीमपूर खेरीत शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली आरोपीचा जामीन रद्द केला. जामिनाच्या वेळी पीडितांचे म्हणणे नीट ऐकले गेले नव्हते, हे त्याचे एक कारण.

आता जामीन राहणाऱ्यांविषयी. मैत्रीखातर सात-बारा घेऊन कोर्टात उभे राहाल, आणि आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर लिहून दिलेली रक्कम तुमच्या मानेवर बसेल. मात्र गरिबाला जामीनदार मिळाला नाही म्हणून तो आत सडावा, असे कायद्याला मान्य नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावालाही नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले.

आमच्या मालकांना नवव्या दिवशी जामीन झाला. अट पडली, दोन महिने गावात यायचे नाही. मुक्काम बहिणीच्या गावी. पेरणीला वहिनींनी माहेरचा भाऊ बोलावला. उगवण मी त्यांच्याच ओट्यावर तपासली, शंभरात बहात्तर दाणे.