उतारा इंग्रजी, उत्तर मराठी

हा उतारा वाचा. ‘काल सांजेला दोन गडूर भिंबोटीच्या कडेला टिरपत बसले होते. थोरल्या गडुराने धाकट्याला एक खुळपी दिली. धाकटा मात्र रुसला, कारण त्याला झांबळ हवी होती.’ आता प्रश्न. गडूर कुठे टिरपत बसले होते? थोरल्याने धाकट्याला काय दिले? धाकटा का रुसला?

तिन्ही उत्तरं तुम्हाला आली असणार. भिंबोटीच्या कडेला. खुळपी. झांबळ हवी होती म्हणून. सहापैकी सहा गुण. आता गडूर म्हणजे पाखरू की माणूस आणि भिंबोटी ही नदी की शेकोटी, हे मला विचारू नका. हे शब्द मीच फळ्यावर खडूने जन्माला घातले आहेत.

अहमदपूर तालुक्यात इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. दहावीचा वर्ग नवा मिळाला की पहिल्या आठवड्यात हे गडूर मी फळ्यावर उतरवायचो. पोरं हसायची आणि उत्तरं धडाधड द्यायची. मग मी विचारायचो, ‘बरं, आता सांगा, झालं काय?’ वर्ग गप्प. एकदा किनगावकडच्या एका तांड्यावरून येणारी पोरगी म्हणाली, ‘सर, काय झालं ते कशाला पाहिजे? उत्तर तर वळीतच हाय की!’ इंग्रजीच्या पेपरचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात ऐकलेलं नाही, आणि शिबिरं काही कमी केली नाहीत.

मार्च २०१९च्या दहावीपासून प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली. घोकंपट्टी संपावी हा हेतू, आणि तो चांगलाच होता. मराठी माध्यमाच्या पोरांच्या इंग्रजीच्या पेपरमध्ये गद्याचे तीन उतारे येतात, दोन पाठ्यपुस्तकातले आणि एक बाहेरचा. प्रत्येकाखाली ए-वन ते ए-फाइव्ह अशा दोन-दोन गुणांच्या कृती असतात. आधी सोपी माहिती, मग जरा गुंतलेली माहिती, मग शब्द, मग व्याकरण आणि शेवटी स्वतःचं मत. कागदावर ही उतरंड सुंदर दिसते. वर्गात तिचं काय होतं ते सांगतो. प्रश्नातला एक ठळक शब्द धरायचा, उताऱ्यात तो शब्द जिथे असेल तिथे बोट ठेवायचं आणि ती अख्खी ओळ पूर्णविरामापर्यंत उतरवून काढायची. याची तालीम डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालते, तिलाच आपण उताऱ्याचा सराव म्हणतो. परीक्षा केंद्रांवर कॉपीमुक्त अभियान, भरारी पथक, दारात बैठं पथक असतं. उताऱ्यातून केलेली कॉपी मात्र बोर्डाला चालते.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासलेल्या कुणालाही विचारा. लेखकाच्या वडिलांनी त्याला काय दिलं, असा प्रश्न असतो आणि उत्तर येतं ‘माय फादर गेव्ह मी अ पेन’. लेखकाचे वडील एका रात्रीत आमच्या पोराचे वडील होतात. तपासणाऱ्याचा हात सढळ असतो, पोराला पेन सापडला ना, मग द्या गुण. त्यातच पाठ्यपुस्तकातला उतारा असेल तर तोही वाचायची गरज उरत नाही. बारावीच्या ‘ऑन सेइंग प्लीज’ या धड्यात ‘प्लीज’ म्हणायचं नाकारणाऱ्या प्रवाशाला लिफ्टवाला बाहेर फेकतो. हा सगळा प्रसंग पोराने गाइडमधून मराठीत वाचलेला असतो. उताऱ्याची पहिली ओळ दिसली की बाकी पाठ. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात, ते कशाचे, ते देव जाणे.

आता दुसरं पोरगं बघा. सराव परीक्षेत बाहेरचा उतारा होता. पूर आलेलं गाव आणि गुरं सोडायला परत फिरलेला एक म्हातारा, अशी गोष्ट होती. एका मुलाने दोन उत्तरं कोरी सोडली. पेपर झाल्यावर मी त्याला सहज विचारलं, तर त्याने मला अख्खी गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याने आधी कुठलं जनावर सोडलं आणि का, इथपर्यंत! ‘मग लिहिलं का नाहीस?’ तर म्हणे, ‘सर, इंग्रजीत मांडता येत नाही.’ त्याला शून्य आणि ओळ उतरवणाऱ्याला दोन. वाचन तपासायला बसलो आपण आणि गुण वाटले हस्ताक्षराला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इंग्रजी उताऱ्यावरची समजुतीची उत्तरं पोरांना त्यांच्या माध्यमाच्या भाषेत लिहू द्या. उतारा इंग्रजीच राहू दे, प्रश्नही इंग्रजीतच विचारा, पण उत्तर मराठीत येऊ द्या. उर्दू शाळेतलं पोर उर्दूत लिहील. मराठीत उत्तर लिहायचं तर ओळ उचलता येत नाही, कारण ती आधी कळावी लागते. गडुराचं मराठी करून दाखवा म्हटलं की कोण वाचतंय आणि कोण बोट ठेवतंय ते दोन मिनिटांत दिसतं.

हे ऐकून आमचे काही मित्र दचकतात. चीनकडे बघा म्हणतात, तिथली पोरं कशी इंग्रजी रगडतात. बघू या की चीनकडे. माझा एक विद्यार्थी एमबीबीएसला तिकडे होता, कोविडमध्ये परत आला. त्याच्याकडून ऐकलं, मग मीही हाताला लागेल तेवढं वाचलं. त्यांची बारावीनंतरची परीक्षा म्हणजे गाओकाओ, सहसा ७ जूनला सुरू होते. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांवर पोरांनी नाव नोंदवलं. एकूण ७५० गुणांत इंग्रजीचे १५०, म्हणजे चिनी आणि गणिताच्या बरोबरीने. त्या १५० पैकी ५० गुण निव्वळ वाचनाचे. आणि त्या पन्नास गुणांसाठी पोराला इंग्रजीत एक वाक्यही लिहावं लागत नाही, फक्त पर्याय निवडायचा असतो. लेखनाचे गुण वेगळे, त्याचा विभाग वेगळा. उतारे पाठ्यपुस्तकातले नसतात, त्यामुळे गाइडमधून गोष्ट पाठ करून जायची सोयच नाही.

त्यातला एक प्रश्न मला फार आवडला. एका उताऱ्यातून पाच वाक्यं काढून घेतात आणि खाली सात वाक्यं देतात. कुठलं वाक्य कुठे बसतं ते शोधायचं, दोन उरली पाहिजेत. यात बोट ठेवायला जागाच नाही. आधीच्या वाक्यात काय म्हटलंय आणि पुढच्यात काय येणार आहे ते कळलं तरच वाक्य जागेवर बसतं. असा उतारा मी मराठीत करून नववीला दिला होता, चांगले चांगले अडखळले. म्हणजे अडचण इंग्रजीपुरतीच नाही, वाचण्याचीच आहे. पण तो विषय वेगळा, आणि मराठीच्या सरांशी मला भांडायचं नाही.

चिनी सरावाची आरती मी करत नाही. तिथेही गठ्ठ्याने उतारे सोडवतात. आधी प्रश्न वाचा मग उतारा, अमुक शब्दाचा पर्याय चुकीचाच धरा, असल्या युक्त्या तिथेही शिकवतात. पेपरात भरपूर गुण पण तोंडातून शब्द फुटत नाही, अशा इंग्रजीला ते स्वतःच मुकं इंग्रजी म्हणतात. तरी एक गोष्ट त्यांनी नीट केली, वाचन आणि लेखन यांची गाठ सोडवली. आपण ती तशीच ठेवली आणि वर कृतिपत्रिकेचं नाव दिलं. पर्यायी प्रश्न आपणही घालू शकतो, पण आमच्या केंद्रांवर ‘बी का सी’ एवढं खुणेने विचारायला क्षण लागतो. मराठी उत्तर खुणेने सांगता येत नाही.

कुणी म्हणेल, मराठीत उत्तर लिहिलं तर इंग्रजी सुधारणार कसं? इंग्रजी लिहायला पत्र आहे, संवाद आहे, भाषण आहे, सारांश आहे. तिथे घ्या ना कसून. उलट आज पोर उताऱ्याच्या उसन्या ओळींवर पस्तीस गाठतं आणि पत्राचा प्रश्न ‘रेस्पेक्टेड सर’वर सोडून देतं. दुसरी शंका तपासणाऱ्यांची, उर्दू उत्तर कोण तपासणार? याच पेपरात शेवटी शब्द, वाक्यं आणि म्हणी आपापल्या माध्यमात भाषांतर करायचा प्रश्न आहेच. तो तपासला जातोच ना! मग त्याच वाटेने उताऱ्याची उत्तरंही जातील.

आणि मी काही नवं सांगत नाही. तर्खडकरांची भाषांतरमाला घेऊन शिकलेली पिढी याच रस्त्याने इंग्रजीत शिरली. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी खेड्यातल्या पोरांपुढे इंग्रजी वाक्य ठेवते, ते वाचता आलं की त्याचा अर्थ त्यांच्याच भाषेत विचारते. २०२३ साली चौदा ते अठरा वयाच्या पोरांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिकांना इंग्रजी वाक्य वाचता आलं, आणि ज्यांना वाचता आलं त्यांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याला अर्थ सांगता आला नाही. आमच्या पेपरमध्ये हा चौथा हिस्सा दिसत नाही, तो उत्तीर्णांत मिसळून गेलेला असतो.

शिवाय जगताना इंग्रजी वाचायचं ते कुणासाठी? माझ्या घरी अजून लोक कागद घेऊन येतात. कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, कुणाचं बँकेचं पत्र, कुणाची विमा नाकारल्याची नोटीस. अंधोरीची एक बाई रिपोर्ट घेऊन आली, सोबत बारावी झालेला मुलगा. मी त्यालाच वाचायला लावलं. उच्चार झकास, एक शब्द अडला नाही. ती म्हणाली, ‘अरे, वाचलास ते ठीक, पण हाय काय त्यात ते सांग की सरला.’ त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला इंग्रजीत बहात्तर गुण होते. इंग्रजी वाचून मराठीत सांगणं हेच तालुक्याच्या गावातलं खरं काम आहे आणि सुट्या शब्द-वाक्यांचं भाषांतर सोडलं तर शाळेत त्याला एकही कृती नाही.

मेडिकलच्या तयारीला लातूरला पोरं पाठवणारे पालक म्हणतील, सर, नीटमध्ये इंग्रजीला कोण विचारतं? खरं आहे. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मोजतात, इंग्रजी बारावीत सुटलं की झालं. लातूर पॅटर्नच्या वेळापत्रकात इंग्रजीचा तास म्हणजे उरलेली झोप काढायची वेळ. पण डॉक्टर झालेलं पोर जी पुस्तकं वाचणार ती इंग्रजीतच असतात, आणि पेशंट मात्र हाडोळतीचा, शिरूर ताजबंदचा असतो. इंग्रजीत वाचलेलं त्याला मराठीत समजावून सांगायचं कुठे शिकवतात?

तांड्यावरच्या त्या पोरीची आठवण निघाली की आणखी एक गोष्ट सतावते. तिच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात. तिला मराठी ही शाळेत भेटलेली भाषा आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची. मराठीत उत्तर लिहू द्या म्हटलं तरी तिला एक पायरी जास्तच चढावी लागणार. यावर माझ्याकडे पूर्ण तोड नाही. पण बोट ठेवून ओळ उतरवण्यापेक्षा ही पायरी तिला काहीतरी देईल, एवढं मी तीस-पस्तीस पोरांच्या वर्गात पाहिलंय.

बोर्डाने एकदम सगळा पेपर बदलावा असं मी म्हणत नाही. बाहेरच्या उताऱ्याच्या पहिल्या दोन कृती, चार गुण, तेवढ्यापासून सुरुवात करावी. आणि शाळांना तर तेवढीही वाट बघायची गरज नाही. भाषेचे वीस गुण आपल्याच हातात असतात, बहुतेक ठिकाणी सगळ्यांना अठरा-एकोणीस लावून ते एका दुपारी संपतात. त्या दुपारी प्रत्येक पोरापुढे सात-आठ ओळींचा अनोळखी इंग्रजी उतारा ठेवा आणि म्हणा, ‘वाच, आणि मराठीत सांग काय झालं.’ याला पुण्याहून परिपत्रक यावं लागत नाही.