पाठ फिरविण्याचा हक्क कोणाचा?

फेसबुकवर ज्याचा वीट आला त्याला खुशाल अनफॉलो करावे, त्यात राजकारण कसले, असे आपले काही साथी विचारतात. दुसरे काही साथी तर याला पळपुटेपणा म्हणतात. प्रतिपक्षाचा प्रचार डोळ्यांआड करून लढा कसा देणार, असा त्यांचा सवाल आहे. दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पडद्यावर अखंड सरकत राहणारा तो मजकूर म्हणजे लोकमत, असे दोघेही गृहीत धरतात.

वस्तुस्थिती अशी की, कोणाचा मजकूर आधी दाखवावयाचा आणि कोणाचा दडपावयाचा, हे कंपनीची यंत्रणा ठरविते. कंपनीचे जवळजवळ सारे उत्पन्न जाहिरातींचे आहे. म्हणूनच आपण तेथे किती वेळ खिळून राहतो, याला तिच्या लेखी मोल आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचावयाचे असेल, तर त्याचे पान आपण स्वतः उघडून वाचू शकतो. त्यासाठी मालकाच्या निवडीवर विसंबण्याचे कारण नाही.

मालक मात्र या कृतीला क्षुल्लक मानीत नाही. ब्रिटनमधील लुई बार्कले या तंत्रज्ञाने ‘अनफॉलो एव्हरीथिंग’ नावाचे साधन तयार केले होते. त्याने एका फटक्यात सर्वांना अनफॉलो करता येई. मैत्री कायम राही, फीड तेवढी रिकामी होई. २०२१ साली फेसबुकने त्याला वकिलांचे पत्र धाडले आणि त्याची खाती कायमची बंद केली. पुढे मे २०२४ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापक ईथन झुकरमन यांनी अशाच साधनाच्या हक्कासाठी मेटा कंपनीवर दावा लावला. साधन अद्याप तयार झालेले नाही, सबब दावा अकाली आहे, असे म्हणून न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो काढून टाकला.

एकेकाला वगळण्याची मुभा आहे, सर्वांना एकदम वगळण्याची नाही! गिरणगावाला हा न्याय नवा नाही. एखादा कामगार साचा सोडून गेला, तर मालकाला त्याची फिकीर नसे. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार एकदम बाहेर पडले, तेव्हा मात्र मालकांनी आणि सरकारने कंबर कसली. तो लढा आपण हरलो. पण साचे कोणाच्या हातांनी चालतात, याविषयी शंका उरली नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. आपल्या पडद्यावर काय यावे, हे ठरविण्याचा आणि त्यासाठी हवे ते साधन वापरण्याचा हक्क कायद्याने वापरणाऱ्याला मिळाला पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी सुरुवात घरापासून करावी. नेत्याचे मोठेपण फॉलोअरांच्या आकड्यावरून मोजण्याची खोड आपल्या पक्षातही शिरली आहे. आपल्या नेत्यांनाही अनफॉलो करा, आणि वाचलेली संध्याकाळ वस्तीतल्या बैठकीला द्या. ज्यांच्याशी मतभेद आहेत, तेही तेथे समोरासमोर भेटतील.