झाकणाने मोजलेले औषध



पावसाळा लागला की मांजरसुंब्याभोवती बालाघाटाचे उतार हिरवे होतात आणि दारोदारच्या शेळ्या त्यावर चरायला सुटतात. आमच्या शेजारच्या खालांकडे चार होत्या, काळ्याभोर उस्मानाबादी, आणि शिवाय एक बोकड. बेवा बाईची बँक म्हणजे तिच्या शेळ्या. बोकड बकरी ईदला विकायचा आणि करडांच्या पैशांत मुलीची फी भरायची, असा त्यांचा हिशेब होता.

गेल्या पावसाळ्यात शेळ्या खंगू लागल्या. एकीच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबू लागली. आम्ही नेहमीप्रमाणे दुकानातून अल्बेंडाझोलची बाटली आणली आणि प्रत्येकीला एकेक झाकण पाजले. मोठी शेळी असो की करडू, झाकण एकच! दोन-तीन महिन्यांनी असे आम्ही करतच होतो, आणि फार चांगले करतो असे वाटत होते. महिन्याच्या आत ती शेळी आणि तिची दोन्ही करडे गेली.

खालांनी एवढेच विचारले, "मास्तर, दवा तर पाजली होती ना?"

याचे उत्तर आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यांकडून मिळाले. शेळीच्या चौथ्या पोटात हिमोंकस नावाचा जंत राहतो. तो आतड्यातल्या साध्या जंतासारखा नाही, तो रक्त पितो. मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, त्यांतून निघालेल्या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि शेळी त्या पुन्हा खाते. हजारो जंतांत काही मोजके असे असतात की ते औषधाला दाद देत नाहीत. कमी मापाने औषध दिले की त्यांच्यासोबत अर्धवट दाद देणारेही वाचतात. पुढची पिलावळ त्यांचीच. वर्षानुवर्षे तीच बाटली दिली, तर आपण जणू निवडून तेच जंत वाढवतो. शिवाय शेळीचे शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर संपवते. त्यामुळे मेंढीचे माप शेळीला अपुरे पडते.

ही काही आपल्याच गावची गोष्ट नाही. या जातीचे पहिले औषध, थायाबेंडाझोल, 1961 साली बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत मेंढ्यांतले जंत त्याला जुमानेनासे झाले. दक्षिण अमेरिकेत उंटाच्या कुळातला अल्पाका हा लोकरीचा प्राणी आहे. तो अमेरिकेत हौसेने पाळणाऱ्यांनाही हेच भोगावे लागले. एकामागून एक औषधे निकामी झाली.

गंमत पाहा, राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी आम्हीच देतो. तिथे यादी असते, वयाप्रमाणे अर्धी की पूर्ण हे ठरलेले असते. शेळ्यांच्या बाबतीत मात्र आमच्या हातात झाकण होते. (शेळीची बाटली माणसाला कधीही देऊ नये, हेही इथे सांगून ठेवतो. असे विचारणारे पालक भेटतात.)

डॉक्टरांनी खालांच्या शेळ्यांची खालची पापणी उलटून आतला रंग पाहिला. लाल असेल तर ठीक, पांढरी पडली तर रक्त गेले. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ता बनवला आहे, त्याचे नाव फामाचा. ज्या शेळीची पापणी फिकी, तिलाच औषध द्यायचे, सगळ्यांना सरसकट नाही. हे आम्हाला आधी उलटेच वाटले. पण औषध न दिलेल्या शेळ्यांत साधे जंत शिल्लक राहतात आणि त्यांच्या गर्दीत दाद न देणाऱ्यांचे प्रमाण कमी राहते.

मग लेंड्या तपासायला दिल्या. औषधाआधी एकदा आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा अंडी मोजतात. फारशी कमी झाली नाहीत तर ते औषध त्या कळपात निकामी. आमचे निकामीच निघाले. डॉक्टरांनी दुसऱ्या गटाचे औषध दिले, तेही टांगत्या काट्यावर वजन करून. दव सुकल्यावरच शेळ्या सोडायच्या आणि बाजारातून आणलेली नवी शेळी काही दिवस वेगळी बांधायची, हेही सांगितले. गाभण शेळीला विचारल्याशिवाय काहीच पाजायचे नाही. विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत अल्बेंडाझोल नको.

कुर्बानीच्या जनावराबाबत हदीसमध्ये स्पष्ट आहे की उघड आजारी आणि हाडाचा सापळा झालेले जनावर चालत नाही. आपण दात पाहतो, शिंगे पाहतो. पापणीही उलटून पाहावी. आणि विकणाऱ्याला विचारावे की जंताचे औषध कधी दिले, कारण औषधानंतर ठरावीक दिवस मांस खायचे नसते. ते दिवस बाटलीवर लिहिलेले असतात.

खालांचा बोकड सुधारला, पण ईदपर्यंत भरला नाही. गिऱ्हाईक आले होते, किंमतही बरी देत होते. खाला म्हणाल्या, "ह्याची पापणी अजून फिकी आहे, कुर्बानीला कसा देऊ?" फीचा पहिला हप्ता बचत गटाच्या कर्जातून भरला. बोकड अजून दारात बांधलेला आहे, आणि दर जुम्याला त्याची पापणी आम्ही पाहतो.