उचल आणि उचल्या

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले. लेखक लातूरजवळच्या धनेगावचे. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांवरील एका प्रश्नापुरते ते वाचून आपण मोकळे होतो. त्याच लातूरच्या जळकोटातून, नांदेडच्या मुखेड-कंधारमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी माणसे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात, ती 'उचल'. मजुरी बुडते म्हणून कोणी हंगाम अर्ध्यावर सोडला, तक्रारीची भाषा केली, की पुष्कळदा त्याच्यावरच फसवणुकीची फिर्याद होते. उचल घेणारा उचल्या ठरतो. मराठीत या दोन शब्दांत अंतर तरी किती!

कायदा मात्र उलट बोलतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या सहाव्या कलमाने वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली. त्याच्या वसुलीसाठी दावाही चालत नाही. पंधरावे कलम सांगते, कर्ज वेठीचे नाही हे सावकाराने सिद्ध करावे. १९८२ च्या आशियाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीच सक्तमजुरी मानली. प्रत्येक उचल वेठीचीच असते असे आमचे म्हणणे नाही. मुकादमही कित्येकदा कारखान्याच्या पैशापायी बुडालेला असतो. पण प्रश्न विचारला तरी जावा!

दावा लावायचा तर कोणावर? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, मुकादम बोट दाखवतो कारखान्याकडे. आणि लावायचा कोणी? नवरा-बायको मिळून 'एक कोयता', उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. पहाटेपासून मोळ्या बांधणारी बाई कागदावर नसतेच. जिची मजुरी कधी वेगळी मोजलीच नाही, तिने ती बुडाल्याचे सिद्ध कसे करावे? बेळगावकडे गेलेल्यांसाठी निदान १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली). कोल्हापूरला गेलेल्याने राज्याची सीमाच ओलांडलेली नसल्याने त्याला तोही लागू नव्हता.

आम्हांस दोन गोष्टी तातडीच्या वाटतात. उचलीवरून आलेल्या फिर्यादीचा तपास पुढे नेण्याआधी ते कर्ज वेठीचे आहे काय, याची जिल्हाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी. आणि मुखेडच्या मजुराला आपला दावा मुखेडातच मांडता यावा. तारखेला कोल्हापूर गाठायचे, तर भाड्यासाठी त्याला पुन्हा मुकादमाकडेच उचल मागावी लागेल.