फाशीची सक्ती नको

बाळापूरहून पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्याच्या, तारखेला अकोल्याचे विशेष न्यायालय गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते. तिथे गेल्यावर कळते, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख घ्या. खरा जाच हा. विधिमंडळाला मात्र उपाय सुचतो तो शिक्षा वाढवण्याचा. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या महाराष्ट्राच्या ‘शक्ती’ विधेयकात फाशी होती. राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. घटनेची वेस तर कधीच आखली गेली आहे. सरकारला वाटेल तो खटला विशेष न्यायालयाकडे वळवू देणारे पश्चिम बंगालच्या कायद्यातले कलम अन्वर अली सरकार खटल्यात, १९५२ साली, समानतेच्या अनुच्छेद १४ पुढे टिकले नाही. फाशीच्या सक्तीचेही तेच: जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असे सांगणारे भादंविचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रद्द केले. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमली पदार्थ कायद्यातली फाशीची सक्तीही काढली. न्यायाधीशाचा विवेक काढून घेतला की खुर्चीत उरतो तो कारकून! शासनाने आधी न्यायालयांतली रिक्त पदे भरावीत आणि न्यायवैद्यक अहवाल वेळेत द्यावेत.